चारशे बाराची उशी

फिरतीवरच्या माणसाला खोलीत काय हवं असतं, हे धाकटीला कुणी शिकवलं नव्हतं. पंप विकणारे एक साहेब दर महिन्याला हॉटेलात चारशे बारा नंबरच्या खोलीत उतरायचे. सहा वर्षं ती खोली आवरून तिला सगळं पाठ झालं होतं. कडक उशी, उशाशी प्लग, टेबलाची पाठ खिडकीकडे, आठ हँगर. त्यांची उशी ती दुसऱ्या कुणाला लागू द्यायची नाही.

चौथ्या मजल्यावर धाकटी आणि तिची थोरली जाऊ, अशा दोघी कामाला होत्या. महिनाअखेरीस एकच कायम होणार होती, दुसरीला नारळ. "पाहुण्याचं कौतुकाचं पत्र आणा, मग बघू," असं मॅनेजर म्हणाला होता. पत्र दोघींकडेही नव्हतं. पण आज पंपवाले साहेब येणार होते.

"मागच्या खेपेला त्यांच्या पलंगाखाली क्लिप सापडली होती ना गं?" चादरीची घडी घालता घालता थोरलीने विचारलं.

"कोठीत जमा केली, ताई. पाहुण्याने विचारल्याशिवाय परत द्यायची नाही, नियमच आहे."

"बस नियम कवटाळून! अगं, बायकोची क्लिप जपून ठेवलेली दिसली तर साहेब पत्र काय, पुस्तक लिहितील. मी आणते कोठीतून. टेबलावर ठेव, चिठ्ठीसकट."

घरी दुधाच्या पातेल्यावरूनही भांडण काढणारी ही जाऊ आज एवढी गोड कशी, असा प्रश्न धाकटीला पडायला हवा होता. तिला भरूनच आलं. निळ्या खड्याची ती क्लिप तिने घासूनपुसून टेबलावर ठेवली. चिठ्ठीत लिहिलं, 'मागच्या मुक्कामात बाईसाहेबांची राहिली होती.' काम चोख दिसावं म्हणून सापडल्याची तारीखही घातली.

साहेब बाराला आले. सव्वाबाराला धाकटीला खोलीत बोलावणं आलं.

मॅनेजर दाराशी उभा होता. पलंगाच्या कडेवर साहेबांची बायको बसली होती, चिठ्ठी हातात. तिचे केस पुरुषासारखे बारीक कापलेले होते.

"मी या हॉटेलात पहिल्यांदाच येतेय," ती म्हणाली.

"दुसऱ्या खोलीतली असेल," साहेब म्हणाले.

"तारीख तुझ्या फेरीचीच आहे."

साहेबांनी कोट काढून हँगरला लावला. "मग या बाईचीच असणार. मी कामाला बाहेर पडलो की माझ्या बिछान्यात लोळत असेल."

मॅनेजर धाकटीच्या कानाशी आला. "त्यांच्या कंपनीच्या वर्षाला साठ खोल्या आहेत. हो म्हण, पुढचं मी बघतो."

पुढचं म्हणजे नोकरी, असं धाकटीने धरलं.

"माझीच आहे," ती म्हणाली.

"लाव मग," बायको म्हणाली.

धाकटीने डोक्यावरची टोपी काढली. टायफॉइडनंतर तिचे केस विरळ झाले होते. क्लिप दोनदा घसरली. तिसऱ्यांदा बसली, ती टाळूला चिमटा काढून.

"शोभते हो," बायको म्हणाली. बघत होती मात्र नवऱ्याकडे.

बाहेर येताच मॅनेजरने हात पुढे केला. "किल्ल्या दे. पाहुण्याचा बिछाना वापरलास, सगळ्यांसमोर कबूल केलंस. आता मी काय करणार?"

"साहेब, तुम्हीच तर म्हणालात..."

"आणि पाहुण्यांच्या आजच्या यादीत चारशे बारासमोर 'सपत्नीक' लिहिलंय. वाचता येत नाही?"

"यादी ताईंकडे असते."

थोरली चादरींची ढकलगाडी घेऊन तिथेच उभी होती. यादी तिच्या एप्रनच्या खिशातून अर्धी बाहेर आली होती. "मी सकाळीच सांगितलं होतं हिला," ती म्हणाली. "साहेबांना खूश करायच्या नादात लक्ष कुठं असतं हिचं?"

किल्ल्यांचा जुडगा मॅनेजरने तिथल्या तिथे थोरलीच्या हातात ठेवला आणि तो जिन्याने खाली गेला.

थोरलीने ढकलगाडी पुढे रेटली, मग थांबली.

"पुढच्या महिन्यात ते एकटेच येतील. ती कडक उशी कुठं असते गं?"

धाकटीने एप्रन सोडून ढकलगाडीवर ठेवला.

"चादरींच्या कपाटात, सगळ्यात वर," ती म्हणाली. "अभ्र्याला लाल टाका आहे."

"बरं. आणि ती क्लिप काढ आता. घरी सासूबाई विचारतील, कुणी दिली."