रिकामे फेरे

मी एक जुनी वाइंडिंग मशीन आहे. जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार भरायची, तर आधी तिचे गोल वेढे करावे लागतात. ते माझ्यावर होतात. एक पाट, एक दांडा आणि हाताने फिरवायची मूठ, एवढाच माझा संसार. पण पनवेलच्या बाजारातले किती पंखे आणि नेऱ्याच्या फार्महाऊसवरचे किती पंप माझ्यामुळे पुन्हा फिरले, ते विचारू नका, मित्रांनो. मी बढाई मारायला लागेन.

माझा मालक काशिराम उरणच्या कोळ्यांतला. होडी सोडून तो पनवेलला आला आणि मोटारी दुरुस्त करू लागला. माझा फेरे मोजणारा काटा लवकरच मोडला. तेव्हापासून तो तोंडाने मोजायचा, आणि दुकानाचा एक नियमच पडून गेला. मोजणाऱ्याला हाक मारायची नाही, आणि कोणी मारलीच तर त्याने ओ द्यायची नाही. फेरा चुकला तर मोटार पुन्हा जळणार! त्याची बायको सोनाबाईसुद्धा डबा घेऊन दारात मुकाट उभी राहायची. मोजणं संपलं की मात्र ती जे ऐकवायची, ते बाजारभर ऐकू जायचं.

त्यांची मुलगी कोमल माझ्याजवळच वाढली. तिने आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला, तळोज्याच्या कारखान्यात केबल ओढल्या, पॅनल जोडले, आणि नोकरी करता करता डिप्लोमाही पदरात पाडला. शिवाय संध्याकाळी ती दुकानात यायची, कारण काशिरामचे डोळे अधू होत चालले होते आणि बारीक तारेचं काम आता तीच करायची. मला तिचा हात फार आवडायचा. त्यात धसमुसळेपणा नव्हता.

एके दुपारी ती धावतच आली. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या डिग्रीला तिचा नंबर लागला होता. कॉलेज लांब होतं, राहायचंही तिकडेच. होकार कॉलेजचं ऑफिस बंद व्हायच्या आत कळवायचा होता.

"बाबा, जाव का? आजच सांगायचं हाय."

काशिरामने मान वर केली नाही. तो मोजत होता. कोमल फोन हातात धरून दाराशी थांबली. बापाच्या शब्दाशिवाय ती जाणारी नव्हती, आणि नियम मोडणारीही नव्हती. तो मोजतच राहिला. शेवटी ऑफिसची वेळ टळली. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि ती निघून गेली.

मित्रांनो, माझ्यावर तेव्हा तारच नव्हती. रीळ केव्हाच संपलं होतं. काशिराम मला रिकामीच फिरवत होता आणि आकडे पुटपुटत होता. दारातून कोमलला फक्त त्याची पाठ दिसत होती. 'जा' म्हटलं तर दुकान बुडणार, 'नको' म्हटलं तर पोरीच्या मनातून उतरणार. बिचारा मोजण्याच्या आड लपला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

पुढे कोमल कितीतरी वर्षं वायरमनचीच कामं करत राहिली. कधी गोदामात, कधी लिफ्टच्या दुरुस्तीवर. लग्न झालं, रोडपालीला बिऱ्हाड झालं. मुलं शाळेत जायला लागल्यावर तिने पुन्हा पुस्तकं हातात घेतली आणि झाली एकदाची इंजिनिअर! पण वयाने लहान असलेले साहेब आज तिला काम सांगतात.

पेढे घेऊन ती माहेरी आली, तेव्हा दुकान बंद झालं होतं आणि मी पलंगाखाली धूळ खात होते. सोनाबाई म्हणाली, "तवाच गेली असती तर आज कुठं असती पोरगी!"

"रहू दे गो आये," कोमल म्हणाली. "बाबा तवा मोजत होते. नायतर 'जा'च बोलले असते. बरोबर ना, बाबा?"

काशिरामचे ओठ हलले. मला वाटलं, आता तरी सांगेल.

"हां गो," तो म्हणाला, आणि त्याने पेढा तोंडात टाकला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला तेल घाला, असं मी सांगायला हवं. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या माणसाने काही विचारलं, तर हात थांबवा आणि उत्तर द्या. नकार असेल तर नकार द्या. कोमलने त्या दिवशी 'नको' ऐकलं असतं, तर ती बापाशी कडाकडा भांडली असती. आणि त्या भांडणात ती नक्की जिंकली असती.