मनगटावरचे दोन वेढे

मित्रांनो, दाराच्या मागे खिळ्याला लटकलेला तो चामड्याचा जुना पट्टा पाहिलात? तो मी. छत्री घ्यायला येणारे हात मला चुकवून छत्री घेतात. त्यांचं काही चुकत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

पण माझे दिवस नेहमीच असे नव्हते बरं का! मी जन्मलो तो पोस्टमनच्या थैलीचा पट्टा म्हणून. दुहेरी चामडं, मेणाच्या दोऱ्याची शिवण आणि टोकाला पितळेची कडी. शिवून झाल्यावर कारागिराने मला पायाखाली दाबून दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि म्हणाला, "थैली फाटेल, पण हा गडी तुटायचा नाही." तेव्हा माझी छाती फुगली होती. आज तेच शब्द मला टोचतात.

एकतीस वर्षं मी एकाच खांद्यावर राहिलो. आमचे पोस्टमन वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाची खबरबात घेत, पण पत्र वेळेवर पोचवत. पोस्टमन आणि कुत्री यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कुत्रं अंगावर आलं तरी ते पळत नसत, ओरडत नसत, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नसत. थैली पुढे धरून, मान जराशी वळवून, एकेक पाऊल मागे सरकत. कुत्र्याचे दात लागायचे ते थैलीला. आणि मला ते खांद्यावरून काढून मनगटाला दोन वेढे देत. "लोकांची पत्रं आहेत, हात तुटला तरी पट्टा सोडायचा नाही," असं ते म्हणत. एकदा एका दांडग्या कुत्र्याने थैली ओढली तेव्हा ते चार हात फरपटत गेले, गुडघा फुटला, पण मला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी साऱ्या पोस्टात त्यांचं कौतुक झालं. थोडंसं माझंही झालं.

ते निवृत्त झाले तोवर थैलीची चाळण झाली होती. तिला टाकून दिलं आणि मला तेवढं काढून ठेवलं. पुढे एका सकाळी दारात खोक्यात कुणीतरी एक पिल्लू ठेवून गेलं. त्यांची नात ठमी किंचाळली, "आजोबा, पार्सल आलंय!" झालं, त्याचं नाव पार्सल पडलं. आजोबांनी माझं एक टोक दुमडून हातासाठी फास शिवला, दुसऱ्या टोकाची कडी पार्सलच्या गळ्यातल्या पट्टीला अडकवली. मी पुन्हा कामाला लागलो आणि मला केवढा आनंद झाला!

एक गोष्ट मात्र आजोबांच्या किंवा माझ्या ध्यानात आली नाही. थैली गेली होती. कुत्रं आणि आमच्यामध्ये धरायला आता काहीच नव्हतं. वेढे मात्र तेच राहिले.

पार्सल दिसायला अगदी बेतास बात. पाय आखूड, एक कान उभा, एक पडलेला. पण चपळ असा की कुठल्याही फाटकाखालच्या फटीतून सुर्रकन आत जाई आणि पलीकडून नाक बाहेर काढून आमची गंमत बघे. ठमी दहा वर्षांची झाली तेव्हा आजोबांनी तिला आपली सगळी विद्या दिली. रोज सकाळी निघताना परीक्षा होई.

"सांग, ठमाबाई, नियम काय?"

"पळायचं नाही, ओरडायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. ठरलेली वाट अर्धी टाकून परतायचं नाही. आणि पट्टा सोडायचा नाही!"

"शाब्बास!"

आमच्या वाटेवर लाकडाची वखार होती. तिथे एक भलामोठा कुत्रा दिवसभर हातभर साखळीला बांधलेला असे. त्याला कुणी कधी फिरवत नसे. माणूस दिसला की तो साखळीला हिसडे देत भुंके. आजोबा तिथे रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जात. "काही करत नाही हो तो, नुसता भुंकतो," असं वखारीचा राखणदार हसून सांगे. मीही एका टोकाला बांधलेलाच, त्यामुळे त्या साखळीचं दुःख मला कळत असे. पण माझं कोण ऐकणार?

त्या दिवशी आजोबांचा तोच जुना गुडघा सुजला होता. ठमीची आई म्हणाली, "बाबा, तिला एकटीला नका पाठवू हं. एक दिवस पार्सल नाही फिरला तर काय बिघडतं?"

"अगं, सगळं शिकवलंय मी तिला. माझ्यापेक्षा पक्की आहे ती," आजोबा म्हणाले.

ठमीची मान ताठ झाली. तिने माझे दोन वेढे मनगटाला दिले आणि आम्ही निघालो.

वखारीसमोर एक ट्रक उभा होता. फळ्या उतरवायच्या म्हणून पलीकडची बाजू अडवलेली होती आणि वखारीचं फाटक सताड उघडं होतं. पार्सल थबकला. मागे ओढ घेऊ लागला. त्याला कळलं होतं, मित्रांनो! ठमीही क्षणभर थांबली. पण ठरलेली वाट अर्धी टाकायची कशी? ती फाटकाच्या बाजूने पुढे झाली.

त्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात साखळी नव्हती.

ठमी पळाली नाही. ओरडली नाही. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही. आजोबांनी सांगितलं तसं ती मान वळवून एकेक पाऊल मागे सरकली. पण तिच्या हातात थैली नव्हती. शेजारच्या घराचं फाटक दोन हातांवर होतं आणि त्याच्या खाली फट होती. पार्सलने तिकडे झेप घेतली. त्याचं नाक फटीत गेलंही. आणि मी ताणला गेलो. माझी लांबी तेवढीच होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आता तरी तुटावं. माझ्या अंगावर एवढ्या सुरकुत्या, एवढे ओरखडे, पण एक टाकासुद्धा उसवला नाही.

राखणदार फळी घेऊन धावत आला, ती त्याने मध्ये घातली, मोठ्या कुत्र्याला मागे रेटलं. तोवर उशीर झाला होता. ठमीने पार्सलला झग्यात गुंडाळून घरी आणलं. तेव्हाही मी तिच्या मनगटावर तसाच होतो. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी आपल्या परीने सगळं केलं. पार्सलचा उभा कान दुपारी कायमचा पडला.

ठमी रडली नाही. ती पायरीवर बसून मनगटावरचे दोन लाल वळ बघत राहिली. आजोबा लंगडत येऊन तिच्या शेजारी बसले.

"आजोबा, मी पट्टा सोडला असता तर तो फटीतून आत गेला असता ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. क्षणभर मलाही वाटलं, बोलावं त्यांनी. पण एकतीस वर्षांत त्यांनी वाईट बातमीचं पत्रसुद्धा कधी दडवून ठेवलं नव्हतं.

"हो, बाळा," ते म्हणाले. "गेला असता. पण सोडायचं कधी, हे मी तुला शिकवलंच नाही. मला वाटत होतं, मी अजून पत्रंच सांभाळतोय. चूक माझी आहे, तुझी नाही." आणि मग तेच रडले, मोठ्याने, लहान मुलासारखे. तेव्हा कुठे ठमीचाही बांध फुटला.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा पार्सल असेल. त्याला फिरवताना माझ्यासारख्याला मनगटाला गुंडाळू नका, हातात नुसतं धरा. तुमचं कुत्रं पुढे जायला नको म्हणालं तर त्याचं ऐका. समोर उघडं फाटक किंवा मोकळं कुत्रं दिसलं तर आल्या वाटेने सावकाश परत फिरा, त्यात लाज कसली? जवळ एखादी छत्री असू द्या, मध्ये धरायला. तुमच्या वाटेवर कुणी कुत्रं दिवसभर साखळीला बांधून ठेवत असेल तर त्याच्या मालकाशी कुणीतरी मोठ्या माणसाने बोलायला हवं. आणि वेळच आली, तर सोडा.

हे सगळं आता ठमीला येतं. वळ आठवड्याभरात गेले. काल संध्याकाळी तिने स्टुलावर चढून मला खिळ्यावरून काढलं. माझा फास तळहातावर हलकेच ठेवला, एकही वेढा न देता, आणि बोटं उघडली. मी जमिनीवर पडलो. तिने मला उचललं, पुन्हा सोडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं.

"असंच ना, आजोबा?"

"असंच," आजोबा म्हणाले.

माझ्या दुसऱ्या टोकाची कडी दर वेळी फरशीवर वाजत होती. तिच्यात कुणीच नव्हतं.