लोव्रोची गोळी

ब्लाझने टेबल धुतलं, याचाच नेझाला राग आला होता.

चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, उभ्या जन्मात स्वतःचा कप विसळला नाही. बायको पाच वर्षांत माहेरी निघून गेली ती काय उगाच? आणि आज मंगळवारी सकाळी नेझा शिकारी मंडळाच्या शिकारघरात येऊन बघते, तर जनावर सोलायचं टेबल घासूनपुसून लख्ख. सुऱ्या ओळीने लावलेल्या, फरशीवर पाणी मारलेलं. थंड खोलीत तिने झाकून ठेवलेली बादली मात्र रिकामी, भिंतीशी पालथी घातलेली.

"बादलीतला हरणाचा फरा कुठाय रे?"

"पुरला मागे. वास मारत होता, आई."

"वास! तुझ्या नाकाला तुझ्या स्वतःच्या मोज्यांचा वास आजवर आला नाही. आणि हा बरा आला."

"कोल्हे आले असते."

"पंच आहे म्हणून फ्लोरियानला दाखवायला ठेवला होता मी तो. विचारायला जीभ झडली होती?"

"सडक्या मांसात काय बघणार फ्लोरियानकाका? तू दमतेस म्हणून केलं, तर त्याचंही वाईट." असं म्हणून तो निघूनही गेला. गाडीचं दार जोरात लावलं.

नेझाने सुऱ्या पुन्हा आपल्या पद्धतीने लावल्या. लहान सुरी डावीकडे, कारण ती डावरी. एवढंही या पोराला माहीत नव्हतं.

ते हरीण तिच्या डोक्यातून जात नव्हतं. शनिवारी स्नेझनिक डोंगराच्या उतारावर मंडळाचा हाका झाला, रान उठवून शिकार. परवानगी रानडुकरांची आणि हरणांच्या माद्यांची. नराला हात लावायचा नव्हता, आणि त्या नराला तर मुळीच नाही. आठ वर्षांचं जनावर, शिंगांना अजून चार वर्षं द्यायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. तरी कुणीतरी त्याच्यावर गोळी झाडली. तेही एकवेळ समजून घेता येतं. झुडपातून काहीतरी उसळतं, बोट घोड्यावर असतं, माणूस चुकतो. पण मग जागेवर फांदी मोडून खूण करायची, कुत्रेवाल्या येर्नेयला हाक मारायची, आणि रक्ताच्या मागावर त्याच्याबरोबर चालत जायचं. जनावर मिळेपर्यंत. हा नियम मंडळाच्या पुस्तकात आहेच, पण पुस्तकाच्या आधीपासूनही आहे. या माणसाने खूण केली नाही, हाक मारली नाही. बंदूक खांद्याला लावून तो चालता झाला.

सोमवारी येर्नेयच्या कुत्रीला ते हरीण घळीत सापडलं. उभं होतं. दोन रात्री आणि एक अख्खा दिवस तसंच उभं होतं, पुढचा पाय अधांतरी धरून. येर्नेयने मानेत गोळी घालून त्याला मोकळं केलं आणि टेबलावर आणून टाकलं.

नेझा चौथीपर्यंत शिकली. मंडळाची नियमावली वाचायची तर ओळीवर बोट ठेवावं लागे. पण एकेचाळीस वर्षं ती या टेबलाशी जनावरं उघडत होती, आणि जखम तिला कोणी वाचून दाखवावी लागत नव्हती. एका रानडुकरावर दोघांनी हक्क सांगितला की मंडळाचे लोक भांडत तिच्याकडे येत. ती मांसात दोन बोटं घाली आणि सांगे, "पहिली याची. तुझी नंतरची, आधीच मेलेल्यावर मारलीस." तिथे विषय संपे.

तिला गोळ्या तोंडपाठ होत्या. नुसतं शिसं पातळ तांब्यात गुंडाळलेली जुनी गोळी आत गेली की पसरते, वाट रुंद करते, निम्मी शिल्लक राहते. अख्ख्या तांब्याची नवी गोळी चार पाकळ्या उघडते, मांस कमी नासवते, पण मऊ जागी लागली तर जनावर लांब पळतं. आणि तिच्या नवऱ्याची, लोव्रोची गोळी: जाड, जड, सावकाश, पोटात तांब्याची आडवी भिंत असलेली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा तसाच राहतो आणि ढकलत पुढे नेतो. लोव्रोने चाळीस वर्षांत दुसरी गोळी वापरली नाही. गोळीही बदलायची नाही आणि टोपीही. नेझा त्याला म्हणे, "बायको तेवढी कशी बदलली नाहीस?" तो म्हणे, "दुकानात मिळाली नाही."

सोमवारी त्या हरणाच्या फऱ्यात, म्हणजे पुढच्या खांद्यात, तिने सुरी घातली, आणि आत काही उरलंच नव्हतं. मांसाचा नुसता लगदा. त्यात खसखशीसारखं शिसं विखुरलेलं, आणि कांद्याच्या पापुद्र्याएवढे तांब्याचे कपचे. एक तिच्या अंगठ्यात घुसला. फऱ्याचं हाड फुटलं होतं. त्याखालच्या फासळ्या मात्र शाबूत, फुप्फुसं शाबूत. गोळी हाडावर आपटून फुटली होती, आत गेलीच नव्हती. ही हलकी, भन्नाट वेगाची गोळी. दरीपलीकडच्या कड्यावर उभ्या असलेल्या रानबोकडाला तीनशे पावलांवरून मारायला उत्तम. दाट झाडीत, चाळीस पावलांवर, हरणाच्या खांद्यावर ती मारणं म्हणजे जनावराचे हाल करणं. हाक्याला शहरातून दोन पाहुणे आले होते. त्यांच्यापैकीच कुणीतरी असणार, असं नेझाने ठरवून टाकलं. दुसरं काही तिला ठरवायचं नव्हतं.

गुरुवारी येर्नेय लाकडं टाकायला आला आणि अंगणात घुटमळत राहिला.

"बोल की. लाकडं काय अंडी घालणार आहेत, त्यांच्यावर बसून राहिलायस ते?"

"मावशी, गावात म्हणतात... लोव्रोकाकांची गोळी."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. सोमवारी घळीत दहाबारा जण होते. हरणाच्या तोंडात डहाळी कोणी ठेवली? काकांनी."

मेलेल्या जनावराच्या दातांत देवदाराची डहाळी द्यायची, तो त्याचा शेवटचा घास. आणि तो द्यायचा मान गोळी मारणाऱ्याचा, दुसऱ्या कुणाचा नाही. नेझा आत गेली. लोव्रो पाव कापत होता, छातीशी धरून, आपल्याकडे सुरी ओढत, पन्नास वर्षं ती ओरडत आली तरीही.

"डहाळी तू ठेवलीस?"

"कोणीतरी ठेवायला हवी होती ना. सगळे नुसते बघत उभे. जनावराने रिकाम्या तोंडी जायचं?"

"मग तेवढंच सांग लोकांना. की गोळी माझी नव्हती, दया तेवढी माझी होती."

"रविवारी पंच बसणार आहेत. तेव्हा बघू."

"बघू काय? तुला काढून टाकतील मंडळातून! शहात्तराव्या वर्षी! उद्या तू गेलास तर मंडळाचं शिंग वाजवायला माणूस येणार नाही थडग्यावर. तुझ्या बापाला वाजलं, माझ्या बापाला वाजलं. तुला काय कुत्र्यासारखं पुरू मी?"

लोव्रोने पावाचा तुकडा तिच्यापुढे ठेवला. "बाजारच्या पावापेक्षा बरा झालाय," म्हणाला.

नेझाला वाटलं, म्हातारा घाबरला आहे. रविवारी आपणच बोलायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. फरा पुरला तर पुरला, तिचा शब्द तर कुणी पुरला नव्हता.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे शिकारघरात जमले. तीन पंच, मधोमध फ्लोरियान, वही उघडून. लोव्रो खिडकीशी, टोपी गुडघ्यावर. ब्लाझ पंचांच्या बाजूला, कारण जानेवारीत तोच मंडळाचा प्रमुख होणार हे ठरल्यात जमा होतं. नेझा स्वयंपाकघरात रानडुकराचा रस्सा ढवळत होती, मक्याचा सांजा झाकून ठेवलेला. पंचांचं बोलणं झालं की जेवण, ही इथली रीत. ज्याला शिक्षा होते तोही त्याच टेबलावर जेवतो. दार तिने मुद्दाम अर्धं उघडं ठेवलं होतं.

"लोव्रो, मला हे अजिबात आवडत नाहीये," फ्लोरियान म्हणाला. "पण डहाळी तू ठेवलीस. आणि नुसत्या डहाळीवर मी माणसाला काढणार नाही. पुरावा काय आहे?"

"आहे," ब्लाझ म्हणाला. त्याने खिशातून काड्यापेटी काढली आणि टेबलावर उपडी केली. एक फुललेली गोळी गडगडत वहीला टेकली. पुढे उमललेली, मागे अख्खी. "बाबांची आहे, आंधळाही सांगेल. आईने काढली फऱ्यातून. सोमवारी."

रश्शाची पळी नेझाच्या हातात तशीच राहिली. आईने काढली. म्हणजे आता कोणी काही विचारणार नव्हतं. नेझाने काढली म्हटल्यावर या खोलीत कधी कोणी काही विचारलंच नव्हतं.

भांडं घेऊन ती बाहेर आली. ते टेबलावर ठेवलं, हात एप्रनला पुसले, गोळी उचलली.

"मी काढली? कधी रे?"

"सोमवारी, आई. दमली होतीस तू. विसरलीस."

विसरलीस. खोलीतल्या दोघांनी तिच्याकडे कीव करत पाहिलं, आणि ते तिने पाहिलं.

"फ्लोरियान," ती म्हणाली, "तुझ्या हातून सुटलेल्या दोन हरणांवर लोव्रोने शेवटची गोळी घातलीय. ती गोळी मिळाली तुला कधी?"

फ्लोरियानने आठवलं. "नाही. आरपार गेली होती."

"मलाही नाही मिळाली. एकेचाळीस वर्षांत एकदाही नाही. हरणाच्या अंगात त्याची गोळी थांबतच नाही. इकडून आत, तिकडून बाहेर, आणि रानात. ती थांबते फक्त म्हाताऱ्या रानडुकरात. त्यांच्या खांद्याला बोटभर जाड चिवट कातडीची ढाल असते, दोन्हीकडे. पहिली फोडते आणि दुसरीत अडकते. ही रानडुकरातली आहे. ज्याने जन्मात सुरी धरली नाही त्याला हे कुठून कळणार?"

तिने गोळी फ्लोरियानच्या वहीवर ठेवली.

"त्या फऱ्यात गोळी नव्हतीच. भुकटी होती." तिने अंगठा पुढे केला. "हा तिचा कपचा लागला मला. कड्यावरच्या बोकडाची गोळी होती ती. शनिवारी कुणाच्या बंदुकीत होती, हे मी सांगणार नाही. ज्याला माहीत आहे त्याने उठावं."

बोलता बोलताच तिच्या ध्यानात आलं. रानडुकरांतून निघालेल्या गोळ्या लोव्रो कपाटाच्या खणात ठेवतो. खणाला कुलूप. किल्ली लोव्रोच्या बंडीच्या खिशात, साखळीला. झोपतानाही ती उशाला असते. ब्लाझने ती गोळी चोरली नव्हती. लोव्रोने दिली होती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. शनिवारी तो पोराच्या शेजारच्याच जागेवर उभा होता. पोराच्या बंदुकीचा आवाज त्याला ओळखू येणार नाही? त्याला पहिल्यापासून माहीत होतं. डहाळी ठेवली ती पोराच्या वाटची. पाव कापत होता तेव्हाही माहीत होतं. बाप आणि लेक दोघांनी मिळून ठरवलं, आणि तिचे हात साक्षीला घेतले. तिला मात्र विचारलं नाही.

"लोव्रो," ती हळू आवाजात म्हणाली, "मलासुद्धा नाही सांगितलंस?"

लोव्रो उठला. टोपी दोन्ही हातांत धरली. "नेझा चुकतेय, फ्लोरियान. वय झालं आमचं. गोळी माझीच. लिही."

फ्लोरियानने लेखणी उचलली नाही. त्याने ब्लाझकडे पाहिलं. तिन्ही पंचांनी पाहिलं. एवढा वेळ होता की माणूस उठू शकला असता, पुन्हा बसून पुन्हा उठू शकला असता. ब्लाझ टेबलाच्या लाकडातली गाठ नखाने खरवडत राहिला.

नेझाने रश्शाचं भांडं स्वतःकडे ओढून घेतलं.

"ब्लाझ, वर बघ. नेम चुकला, त्याचं मला काही नाही. चुकीची गोळी भरलीस, तीही माफ. याने स्वतःची गोळी दिली म्हणून तू घेतलीस, तेवढंही मी गिळलं असतं, मी आई आहे. पण जखमी केलेल्याच्या मागे शेवटपर्यंत जायचं असतं, हे या माणसाने तुला बोट धरून शिकवलं. शनिवारी हरणाला तसंच सोडून तू घरी आलास, पाय धुऊन जेवायला बसलास, आणि मी मूर्ख तुला वाढत होते. आज बापाला तसंच सोडलंस. आज मी वाढणार नाही. ऊठ."