पहाऱ्यावरची वैद्यबाई

"तिला वैद्यबाई कर. लढायचं नाही, डोकं चालवायचं नाही, नुसतं सगळ्यांचं हवं-नको बघायचं. तशीही बघतेच की ती!"

हे वाक्य नव्या नवरीने ऐकायचं नव्हतं. पण ती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती, आणि बोलणारा तिचा नवराच होता. तो काही वाईट मनाने बोलला नाही. म्हणूनच ते जास्त लागलं असावं. मीही ऐकलं, कारण मी तिथेच टेबलावर पडलो होतो. मी म्हणजे आठ बाजूंचा एक हिरवा फासा.

साच्यात ओतून, घासून, आकडे रंगवून मला घडवलं. आम्ही सगळी भावंडं एका कापडी थैलीत राहायचो. त्यात वीस बाजूंच्या थोरल्याचा तोरा भारी. तलवारीचा घाव बसला की हुकला, ते तो ठरवतो. माझं काम त्यानंतरचं, जखम किती भरली ते सांगायचं. मोठा आकडा आला तर माणसं माझा मुका घेतात. एक आला तर मला खिडकीत शिक्षेला ठेवतात. जसं काही मी मुद्दाम केलं!

या घरात मला तिच्या थोरल्या दिराने आणलं. त्याला सगळे दादा म्हणतात. रविवारी दुपारी टेबलाभोवती फाशांचा खेळ रंगतो, आणि तो त्याची गोष्ट रचत जातो. डोंगर, दलदल, राक्षस, सगळं त्याचं. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. तिचा नवरा तलवारबाज, नणंद तिरंदाज. दोघांनाही मारामारीची हौस, मलमपट्टीची कुणालाच नाही. मग मला कोण विचारतो? एकदा घरंगळलो तो सोफ्याखाली गेलो, आणि एका पेनाच्या टोपणासोबत धूळ खात बसलो.

लग्नानंतर केर काढताना नव्या नवरीने मला बाहेर काढलं, फुंकर मारली.

"दादा, हा कसला?"

"तो जखमा भरायचा."

"मग सोफ्याखाली काय करतोय?"

दादा एवढा हसला की तिला खेळात घ्यायचं त्याच क्षणी ठरलं. आणि मग ती चहा आणायला आत गेली असताना नवऱ्याने ते वाक्य टाकलं.

तिने ट्रे टेबलावर ठेवला. वैद्यबाई झाली. सुरुवातीला आवाज फुटत नसे, "मी... त्याला पाणी देते," एवढंच. पण पुलावरच्या राक्षसाची दाढ दुखतेय, हे तिने दादाने काढलेल्या आवाजावरून ओळखलं. तिने दाढेत औषध भरलं आणि सगळ्यांना पूल पार करून दिला. नवऱ्याची तलवार म्यानातच राहिली, तोंड मात्र उघडं. त्यानंतर ती रविवारची वाट बघायला लागली. मला मुठीत घट्ट धरायची, तेव्हा तिच्या हाताचे ठोके मला कळायचे.

आता विश्रांतीचा नियम ऐका, सगळं घोडं तिथेच अडलं. घटकाभर टेकलं की थोडी धाप कमी होते. रात्रभर झोप मिळाली की जखमा भरतात आणि वैद्यबाईचे खर्च झालेले मंत्र परत येतात. मात्र रानात कुणीतरी पहाऱ्यावर लागतं, आणि पहारेकऱ्याला विश्रांती नाही. पहारा कुणी द्यायचा यावरून भावंडांची भांडणं व्हायची, म्हणून दादाने फार पूर्वी तोड काढली होती: मुक्काम पडल्यावर जो टेबलावरून उठेल, त्याचं पात्र पहाऱ्यावर.

मुक्काम पडला की तिचा नवरा आळस देऊन म्हणायचा, "तोवर चहा होऊन जाऊ दे." आणि कोण उठायचं, ते सांगायला नको.

कुणी ठरवून केलं नव्हतं. पण दर मुक्कामाला दोघं ताजेतवाने होत, आणि वैद्यबाई मशाल धरून उभी. एकेक करून तिचे मंत्र संपले. नुसत्या झाडपाल्यावर ती इतरांना सावरत राहिली. मला टाकायचे प्रसंगच येईनात.

आज दलदलीत नणंदेच्या तिरंदाजाला मगरीने धरलं.

"वहिनी, मंत्र! लवकर!"

"संपलेत."

"असे कसे संपले? कालच तर सगळे झोपलो!"

"तुम्ही झोपलात."

दादाने मान वर केली. नवरा म्हणाला, "अगं, जरा राखून वापरायचे ना!" तिने वैद्यबाईला मगरीच्या तोंडासमोर नेलं आणि तिरंदाजाला ओढून काढलं. तो वाचला. हिच्या जिवाचा आकडा मात्र एकावर आला, आणखी एक घाव बसला की संपलं. दादाच्या गोष्टीत मेलेलं पात्र परत येत नाही, आणि त्याच्या खेळाडूने पुढे नुसतं बघत बसायचं. तिच्या बाबतीत नुसतं बघत बसणं म्हणजे काय, ते मी ओळखून आहे: ट्रे घेऊन दारात उभं राहणं.

आत्ता गुहेच्या तोंडाशी मुक्काम पडलाय. आत अजगर आहे. मी तिच्या मुठीत आहे, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, आकड्यांचा रंग विटलेला. माझं मागणं फार नाही. मला शिक्षेला खुशाल ठेवा. पण झोपण्याआधी मशाल कुणाच्या हातात आहे, तेवढं एकदा बघत जा. पहाऱ्यावरच्या माणसाची जखम भरणं माझ्या हातात नाही.

नवऱ्याने आळस दिला. "तोवर चहा..."

खुर्ची हलली नाही. ती बसूनच होती. मूठ घामेजली, मग सैल झाली. तिने मला सगळ्यांच्या मधोमध ठेवलं आणि प्रत्येकाकडे बघून घेतलं. आवाज चढला नाही, पण गुहेच्या टोकापर्यंत गेला असता.

"आज माझी वैद्यबाई झोपणार आहे. पहाऱ्याला कोण उठतंय ते तुम्ही ठरवा. आणि जो उठेल त्याने माझ्या चहात साखर कमी घालायची. इतके दिवस कुणी विचारलं नाही, म्हणून सांगते."