झेरॉक्सचा वास

सांडपाण्याच्या प्लँटवर ओझोन गळायला लागला की आधी अलार्म वाजतो आणि मग माणसं पळतात. त्या दुपारी उलटंच झालं. ऑपरेटरबाई भरल्या डब्यावरून उठल्या, तडक पाइपाच्या सांध्याशी गेल्या आणि व्हॉल्व्ह बंद केला. अलार्मला जाग आली ती त्यानंतर.

"ताई, नाक आहे की मशीन?" नाकाला रुमाल लावून दाराकडे पळता पळता फिटर म्हणाला.

"झेरॉक्सच्या दुकानात वाढलंय हे नाक!"

हॉस्पिटलसमोर वडिलांचं दुकान होतं. जुनं मशीन तापलं की हाच तिखट वास सुटायचा, वीज पडून गेल्यासारखा. संध्याकाळी त्यांच्या शर्टालाही तोच. गिऱ्हाइकं बहुतेक औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन यायची. "अख्ख्या गावाच्या गोळ्या माझ्या काचेवरून जातात," असं ते ऐटीत सांगायचे. पण कुणाला काय झालंय, ते त्यांनी आईलासुद्धा कधी कळू दिलं नाही.

आता माणसांच्या पोटातून उरलेल्या त्याच गोळ्या पाण्याबरोबर बाईंच्या टाकीत येत होत्या. ओझोन सोडून त्यांचा निकाल लावायचा, नदीला काही कळू द्यायचं नाही, एवढंच बाईंचं काम.

"ताई, पंखा लावा! छातीत बसेल तो!" फिटर बाहेरून ओरडला.

बाई बटणापाशी गेल्या. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्यांचे शर्ट आईने धुऊन केव्हाच वाटून टाकले होते.

बटण दाबायला बाईंनी एक श्वास उशीर केला.