अंबूबाईंच्या पदरातला फ्यूज

दामोदरला कानडी येत नव्हतं, आणि येत नाही याचं त्याला काही वाटतही नव्हतं. पुण्याहून बंगळूरला विमानाच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून येऊन दोन वर्षं झाली होती. कारखान्यात इंग्रजी, घरात मराठी आणि भाजीवाल्यापुढे बोटं, एवढ्यावर त्याचं झकास भागत होतं. त्याच्या सासूबाई अंबूबाई मात्र जन्माच्या धारवाडच्या. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा त्या कानडीत दटावायच्या. कानानं त्या अधू होत्या, पण दामोदरचं म्हणणं असं, की त्या सोयीनं अधू आहेत. हे तो त्यांच्यासमोरच म्हणायचा, आणि नेमकं तेवढं त्यांना ऐकू यायचं.

ही गोष्ट एकोणीसशे बासष्टच्या डिसेंबरातली. बंगळूरची हवा छान, बंगळूरची हवा छान असं सगळे गातात. एकदा दमेकऱ्याला विचारून बघा म्हणावं. मल्लेश्वरमच्या त्या भाड्याच्या घरात दामोदरची नऊ वर्षांची नयना थंडी पडली की दम्यानं बेजार व्हायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला उबेत ठेवा, पण कोळशाची शेगडी खोलीत आणाल तर खबरदार, धुरानं दुखणं दुप्पट होईल. मग दामोदरनं मायदेशी परत निघालेल्या एका जर्मन साहेबाकडून खिडकीत बसवायचं एक यंत्र विकत घेतलं. अर्धं खोलीत, अर्धं भिंतीबाहेर. उन्हाळ्यात ते खोली गार करायचं, आणि बटण फिरवलं की थंडीत उलटं चालायचं, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत सोडायचं.

"बाहेरच कुडकुडायला होतंय, तर ते ऊब कुठली ओढतंय?" अंबूबाईंनी विचारलं होतं.

दामोदरनं कागदावर चित्रं काढून अर्धा तास समजावलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "असेल बाई. पोरगी झोपली ना, मग झालं." आणि त्या दिवसापासून रोज सकाळी देवाला फूल वाहिलं की एक फूल त्या यंत्रावर ठेवू लागल्या.

त्या सकाळी धुकं उतरलं होतं आणि यंत्र नुसतंच घुमत होतं. ऊब नाहीच, उलट गार वारा. नयनाची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली होती. तिची आई प्रतिमा तिच्या पाठीशी उशा लावून तिला धरून बसली होती. दामोदर घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेला आणि बघतच राहिला. यंत्राच्या बाहेरच्या जाळीवर पांढराशुभ्र बर्फ! बंगळुरात बर्फ! यंत्र बंद करून त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून टेलिफोन केला आणि परत येऊन स्वयंपाकघरातलं उलथनं उचललं.

चिकपेटेतल्या यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यातून कृष्णात मेकॅनिक सायकल हाणत आला, तेव्हा इंजिनियरसाहेब स्टुलावर उभे राहून उलथन्यानं बर्फ खरवडायच्या बेतात होते.

"साहेब, ते खाली ठेवा आधी!" कृष्णात ओरडला. हा निपाणीकडचा गडी; यंत्र त्यानंच बसवलं होतं. "त्या पत्र्यांच्या मागं तांब्याची नळी हाय. तिला भोक पडलं की गॅस गेला, आणि मग यंत्राचं बारावंच घाला. बर्फ दोषी न्हाई. पंखा फिरत नसंल, म्हणून बर्फ धरलाय. आधी करंट तोडू, मग बघू."

पुढच्या पडवीत या यंत्रासाठी वेगळा मेन स्विच होता. कृष्णातनं त्याची दांडी खाली ओढली, शेजारचा चिनी मातीचा फ्यूज उपसून काढला आणि बोर्डावरच्या फळीवर ठेवला. खिसा पकडी-पान्ह्यांनी भरलेला, म्हणून तिथं ठेवला, इतकंच.

अंबूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "तिथं नको ठेवूस," त्या म्हणाल्या. "आमच्या जावईबापूंना वस्तू जागच्या जागी लागते. बाहेर दिसली की आत बसवतील."

दामोदर हसला. कृष्णातही हसला. पण म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणून त्यानं फ्यूज त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या अक्का, तुम्हीच सांभाळा. मी येऊन हात पुढं करीन, तवाच द्यायचा. दुसऱ्या कुणाला न्हाई."

अंबूबाईंनी फ्यूज पदरात घेतला, गाठ मारली, गाठ कमरेला खोवली. "पदरी पडलं, पवित्र झालं," त्या म्हणाल्या.

मागच्या अंगणात शेजारच्या बागेचा माळी रघुपती शिडी धरून उभा राहिला. कृष्णातनं कोमट पाण्याचे तांबे ओतून बर्फ विरघळवला, बाहेरचा पत्रा खोलला. आत एक डबीएवढा कंडेन्सर होता. करंट गेला तरी तो मेला आपल्या पोटात थोडा धरून बसतो, म्हणून कृष्णातनं दोन तारा जोडलेला बल्ब त्याला टेकवून तो रिकामा केला. आणि मग सापडलं. पंख्याच्या पात्यांत खारीनं घरटं केलं होतं. काथ्या, वाळकी पानं, आणि चक्क अंबूबाईंच्या फुलवातींचा कापूस. एवढं सगळं अडकल्यावर पंखा फिरेल कसा? वर पंख्याच्या मोटारीची एक वायरही रगडून उघडी पडली होती.

इकडे खोलीत दामोदरची घालमेल चालली होती. नयनाला वाक्य पुरं करता येत नव्हतं. "बा... बा" म्हणून ती थांबायची आणि खांदे वर उडायचे. बाप म्हणून हात चोळत बसणं दामोदरला कधी जमलंच नव्हतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून रघुपतीनं काहीतरी विचारलेलं ऐकू आलं आणि पाठोपाठ कृष्णातचा मोठा आवाज आला, "सुरू! सुरू!"

दामोदर उठला, यंत्राचं बटण चालूवर फिरवलं आणि थेट पडवीत. मेनची दांडी खाडकन वर केली आणि कान दिले. यंत्र गप्प. फ्यूज! त्यानं फळीवर हात फिरवला, आणि मग त्याला आठवलं.

"आई, फ्यूज द्या. लवकर."

अंबूबाई खोलीच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. "कृष्णात कुठाय?"

"मागे आहे. सुरू म्हणून ओरडला आत्ता. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"त्याला हात पुढे करू दे. मग देते."

"आई!" दामोदरचा आवाज चढला. "पोरगी तिकडे घुसमटतेय आणि तुम्ही गाठ धरून बसलात? हट्टाला काही वेळकाळ?"

अंबूबाईंनी कमरेची गाठ काढून मुठीत घेतली, पण सोडली नाही.

"राहू दे, मी तारच घालतो," म्हणत दामोदर खणातून तांब्याची तार घेऊन वळला, तर ही साडेचार फुटांची बाई मेन बोर्डाला पाठ लावून उभी! आता काय धक्का मारून बाजूला करायचं?

"जावईबापू, तुम्हाला ऐकू येतं, म्हणून तुम्ही ऐकलेल्यावर जाता," त्या म्हणाल्या. "मला येत नाही. मी बघितल्यावर जाते. त्याला घेऊन या, मग मला हवं ते बोला."

दामोदर तणतणत निघाला. आज ही म्हातारी एक तर धारवाडला जाईल नाहीतर मी पुण्याला, असं मनाशी म्हणत घराला वळसा घालून मागे आला.



कृष्णात शिडीवर होता. दोन्ही हात कोपरापर्यंत यंत्राच्या पोटात. अंगावरून बर्फाचं पाणी निथळत होतं. तीच उघडी वायर डाव्या हाताच्या चिमटीत धरून तो दातांनी चिकटपट्टी तोडत होता. खाली रघुपती शिडी जरा सरकवत पुन्हा विचारत होता, "स्वल्प ई कडे?" जरा इकडे घेऊ का?

"सरी, सरी!" कृष्णात म्हणाला. ठीक आहे, ठीक आहे.

सरी. सुरू नव्हे, सरी! दोन वर्षं बंगळूरचं पाणी पिऊन ज्याला एवढा एक शब्द कळला नाही, तो हा इंजिनियर.

"हात काढ," दामोदर म्हणाला. "कृष्णात, आधी हात बाहेर काढ. मी मेन वर केलाय."

कृष्णातनं वायर सोडली. हात बाहेर घेतले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि शिडीच्या पायरीवर मटकन बसला. "आणि फ्यूज?"

"आईंनी दिला नाही. मी मागितला, त्यांच्यावर ओरडलो. तार घालायला निघालो होतो रे मी!" एका माणसाचा जीव आपल्या हातून जाणार होता, आणि तो आपल्या शहाणपणानं वाचला नव्हता.

मग कृष्णात म्हणाला, "चूक माझीबी हाय. फ्यूज काढला की सोताच्या खिशात घालायचा, हे आमच्या कारखान्याच्या जयतीर्थ मेस्त्रींनी हजारदा सांगितलंय. मी खुशाल फळीवर ठेवत होतो. अक्कांचा शब्द मानला, म्हणून आज शिडीवर बसलोय."

दामोदरनं आत जाऊन मेनची दांडी स्वतः खाली केली. कृष्णातनं ती एकदा डोळ्यांनी बघितली, मगच उरलेलं काम केलं. वायर गुंडाळली, घरटं उचलून रघुपतीच्या हाती दिलं, पंखा बोटानं फिरवून पाहिला, पत्रा लावला. मग हात पुसून पडवीत आला आणि अंबूबाईंसमोर तळहात पसरला.

"द्या अक्का. आता मी मागतोय."

अंबूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. गाठ सोडायला गेल्या, पण मूठच उघडेना. बोटं आखडली होती. दामोदरनं पुढे होऊन एकेक बोट हलकेच उलगडलं. फ्यूजच्या कडा पदरातून तळव्यात रुतून चार लालभडक वळ उठले होते.

पाच मिनिटांत खोलीत ऊब यायला लागली. अर्ध्या तासानं नयनाची शिट्टी उतरली आणि तिनं पहिलं पुरं वाक्य म्हटलं, "आजी, मला गूळ-शेंगदाणे दे." प्रतिमा रडली आणि हसली.

दामोदर सासूबाईंशेजारी येऊन बसला. "आई, चुकलो मी. एक विचारू? ती एवढी तळमळत होती. तुमचं मन कसं झालं हो? ऐकू येत नव्हतं म्हणून?"

"ऐकू येत नव्हतं," अंबूबाई म्हणाल्या, "पण दिसत होतं की, जावईबापू. तिचे खांदे उडताना दिसत होते." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "एक पोर डोळ्यांपुढे आणि एक भिंतीमागे. त्याचीही कुणीतरी आई असेलच ना?"

दामोदरनं त्यांचा तो वळ उठलेला तळहात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. तसाच धरून राहिला. आपल्या घरात हे माणूस आहे याबद्दल देवाचे कधी आभार मानले नव्हते, ते सगळे त्यानं एकदम मानले.

"अहो, पुरे," अंबूबाई हात सोडवत म्हणाल्या. "तो पोरगा बाहेर ओल्या अंगानं उभा आहे. माझे हात धरून काय बसलात? जा, त्याला टॉवेल द्या, गरम कॉफी द्या."

दामोदर उठला. दारापर्यंत जाऊन मागे वळला, आणि त्यांना दिसेल असं, ओठ नीट हलवून म्हणाला,

"सरी."