साखळी तुटली नाही

आमच्या ह्यांचं, म्हणजे मधुकररावांचं, दुर्गदबैलच्या बाजारात लोखंडी सामानाचं दुकान आहे. तीन पिढ्या आम्ही साखळ्या विकतो. त्यामुळे ह्यांनी कारवारला जुनी शिडाची होडी घेतली, तेव्हा नांगराच्या साखळीबद्दल ह्यांना शिकवणारा कुणी जन्मालाच आला नव्हता. आठ रविवार होडी चालवायला शिकायला गेले ती मी. हे तेवढा वेळ किनाऱ्यावर बसून तळलेली मासळी खात होते.

आमच्या घरात एक रीत आहे. एकदा मोजून दिलेला माल परत मोजायचा नाही, लक्ष्मी रुसते. दुकानात ठीक आहे, पण समुद्राला ही रीत कुणी कळवलेली नव्हती. दुसरी रीत अमावास्येची. आमच्याकडे व्यापारी त्या दिवशी दुकानाची, गाडीची पूजा करतात, म्हणून होडीचीही पूजा त्याच दिवशी ठरली. अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी पुरुषभर चढेल, असं मी सांगून पाहिलं. पण ह्यांनी धारवाडच्या जयतीर्थ वकिलांना आमंत्रण देऊन टाकलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंनाही, अंबूताईंना, बरोबर घेतलं. त्यांना पोहता येत नाही. ह्यांनाही येत नाही, पण ते ह्यांना मान्य नाही.

सकाळी ओहोटी होती, वारा जमिनीकडून येत होता. किनाऱ्याच्या खडकांपासून जरा बाहेर, तीन मीटर पाण्यात नांगर टाकला. ह्यांनी सहा मीटर साखळी सोडली, हात झटकले आणि दुप्पट दिली म्हणून वकिलांना ऐटीत सांगितलं. मी म्हटलं, भरतीला जेवढं पाणी होईल त्याच्या पाचपट तरी हवी. साखळी तळावर आडवी पडली तर नांगर रुततो, उभी ओढली गेली की उपटतो. आणखी पंचवीस मीटर सोडा.

"एकदा मोजलं ते मोजलं," हे म्हणाले. "आपल्या दुकानची साखळी आहे, दोन टन ओढते."

पूजा झाली, कोहळा फोडला, जेवणं झाली. आम्हाला किनाऱ्यावर न्यायला लहान होडी संध्याकाळी येणार होती, म्हणून सासूबाई खाली केबिनमध्ये आडव्या झाल्या. दुपारी वारा फिरला आणि समुद्राकडून जोरात यायला लागला. होडी नांगराभोवती फिरून खडकांच्या बाजूला आली. ती स्थिरावल्यावर मी बाजूच्या टेकडीवरचा विजेचा खांब आणि त्याच्या पुढचा माड एका रेषेत धरून ठेवला. दहा मिनिटांत दोघांच्या मध्ये चांगलं हातभर आभाळ दिसायला लागलं. नांगर घसरत होता.

मी सांगितलं. हे म्हणाले, ती साखळी तुटणं शक्यच नाही. तुटली नव्हतीच. नांगराला घेऊन ती इमानाने आमच्याबरोबर खडकांकडे निघाली होती. मागे लाटा फुटत होत्या. मला ह्यांची मनस्वी चीड आली. मी खाली जाऊन सासूबाईंना उठवलं, त्यांना लाइफ जॅकेट चढवलं. कशाला गं, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. त्या धरत धरत वर आल्या. हे अजून वकिलांना लोखंडाचा दर्जा समजावत होते.

"मध्या, सुम्म कूड," त्या म्हणाल्या. "तिला करू दे."

हे गुपचूप बसले. पन्नाशीच्या घोड्याला बसवायला आमच्यात आईची कानडी लागते.

मी इंजिन सुरू केलं आणि सुकाणू वकिलांच्या हातात दिलं. बिचाऱ्यांनी सांगितलं तेवढंच केलं. मी पुढे जाऊन नांगर वर ओढला, लांब बाहेर खोल पाण्यात परत टाकला आणि चाळीस मीटर, होती नव्हती तेवढी साखळी सोडली. मग इंजिन उलटं चालवून नांगर रुतवून घेतला. पुन्हा दोन खुणा धरल्या. अर्धा तास त्या हलल्या नाहीत.

संध्याकाळी लहान होडीने किनाऱ्यावर येऊन गाडीने घाट चढताना ह्यांना कंठ फुटला. हिला हे सगळं मीच शिकवलंय, असं वकिलांना सांगायला लागले. मागे माझ्या शेजारी सासूबाई नारिंगी जॅकेट घालून ताठ बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, अहो, समुद्र कधीच मागे राहिला, आता काढा ते.

"गाडी कोण चालवतंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हेच की.

"मग असू दे."